अडीच तासांचं विमान, तासभर आधीचा चंद्र

मी काही सांगितलं की निम्मं सोडून द्यायचं, असं आमच्या घरात सगळेच धरून चालतात. त्यांची चूक नाही. कोलकात्यात आमच्या बेहाल्याचे डास कबुतरांएवढे असतात, हे मीच फोनवरून पुण्याला कळवलं होतं.

बँकेने माझी कोलकात्याला बदली केल्यापासून आई इकडे यायला तयार नव्हती. इतक्या लांब एकटीने विमानात कोण बसणार! शेवटी मी म्हणालो, "लांब कुठलं? हातातला चहा निवेपर्यंत कोलकाता येतं." प्रत्यक्षात हवेतून सोळाशे किलोमीटर, अडीच तास.

आणि तिकीट काढलं ते नेमकं संकष्टीचं. आईला मधुमेह, पण चंद्र पाहिल्याशिवाय घास घेणार नाही. त्यात विमान तासभर उशिरा. साडेआठला ती विमानतळाच्या दारातून बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते.

"मेल्या, कसला चहा होता तुझा? निवता निवेना!"

"आधी काहीतरी खा बघू."

"चंद्रोदय नऊ-पाचला आहे." तिने पर्समधून पुण्याच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं.

"ते पुण्याचं, आई. इथे चंद्र तासभर आधी उगवतो."

"का? तुमच्या बँकेने त्याचीही बदली केली?"

आता काय सांगायचं! आयुष्यात प्रथमच शंभर टक्के खरं बोलत होतो, आणि तेही जिवाच्या आकांताने. आम्ही नवराबायकोंनीसुद्धा पहिलं वर्षभर बेहाल्यात पुण्याचं कॅलेंडर लावून दर संकष्टीला एक तास फुकटचा उपास काढला होता. खिडकीत चंद्र ताटकळलेला आणि आम्ही घड्याळाकडे बघत बसलेलो. पृथ्वी फिरते, कोलकाता पूर्वेला आहे, हे मी दोन्ही हात गरगर फिरवून समजावलं. आई म्हणाली, "हात खाली घे, लोक बघतायत."

सामानाची गाडी ढकलत आम्ही पार्किंगमध्ये आलो, तर समोरच्या इमारतीच्या टाकीवर तो बसलेला.

"तो बघ चंद्र!"

"दिवा आहे तो."

"दिव्याची एक कड कुरतडलेली असते का गं?"

ती थांबली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग बाटलीतल्या पाण्याचं अर्घ्य दिलं, तिथेच, टॅक्सीच्या चाकाशेजारी. डबा उघडला. पहाटे पुण्यात उकडलेले मोदक एव्हाना इतके घट्ट झाले होते की त्यांवर घर बांधता आलं असतं. पण पहिला पोटात गेला तसा चेहऱ्यावर रंग आला, आणि दुसऱ्याला हात थरथरायचा थांबला. मी टॅक्सीला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "पोचल्या का हो? कशा आहेत?"

"पार्किंगमध्ये उभी राहून मला शिव्या देतेय."

"हुश्श," ती म्हणाली, "भाताला कुकर लावते."