लाल रंगातलं गाव

नेगीजींनी टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हमारा गाँव लाल किसने किया?"

मीच केलं होतं. तसं सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. मग खुर्ची ओढून समोर बसले.

नेगीजी उत्तराखंडातल्या उंचावरच्या एका गावाचे प्रधान, म्हणजे आपल्याकडचे सरपंच. फौजेतून रिटायर झालेले. गावाची तक्रार घेऊन थेट दिल्लीला आमच्या ऑफिसात आले होते. माझे साहेब, माथुर सर, अशा माणसांना चहा पाजतात आणि माझ्याकडे पाठवतात.

माझं काम उपग्रहाच्या फोटोंवरून हिमनद्या बघण्याचं. पुण्याच्या नातेवाइकांना वाटतं, मी सदैव बर्फात असते. प्रत्यक्षात मी गाझियाबादहून मेट्रोने येते आणि एसीखाली स्क्रीनसमोर बसते. हिवाळ्यात आमच्या बाल्कनीतून समोरची बिल्डिंग धड दिसत नाही, हिमालय कुठला दिसायला. पण स्क्रीनवर मात्र तो रोज दिसतो. आणि रोज थोडा कमीच दिसतो.

हिमनदी वितळून मागे सरकली की तिच्या जागी खळगा उरतो. त्यात पाणी साठून तळं तयार होतं. त्याला बांध कशाचा, तर हिमनदीनेच पूर्वी आणून टाकलेल्या दगडमातीचा. आम्ही त्याला मोरेन म्हणतो. त्यात ना सिमेंट, ना कुणा इंजिनिअरचा हात. हा ढीग फुटला की सगळं पाणी एकदम खाली. नेगीजींच्या गावाच्या डोक्यावर असं तळं होतं. जुन्या फोटोत ते नुसतं ठिपक्याएवढं होतं. पुढे त्याने चांगलेच हातपाय पसरले, म्हणून मी गाव लाल केलं. लाल म्हणजे सरकारी पैशाने नवीन बांधकाम बंद.

"बंद हो गया," नेगीजी म्हणाले. "स्कूल की नई बिल्डिंग मंजूर थी. वह भी बंद."

गावची जुनी शाळा अगदी नदीकाठी. भिंतींना तडे गेलेले. नवी शाळा वर, बुग्यालवर म्हणजे मेंढ्या चरतात त्या कुरणावर बांधायची होती. तिथे पुराचं पाणी पोचणं शक्यच नव्हतं. पण आमच्या नकाशात अख्खं गाव ही एकच आकृती. महसुली हद्द हीच सीमा आणि तिला एकच रंग. कुरण गावाच्या हद्दीत, म्हणून तेही लाल. मुलांना पुरापासून वाचवायला निघालो होतो आणि नियमाने त्यांना नदीकाठीच बसवून ठेवलं होतं. मला आमची सगळ्यांचीच लाज वाटली.

मी तडक माथुर सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, गाव दोन भागांत तोडू या. खालचा लाल, वरचा पिवळा."

"एक गाँव, एक रंग. फॉर्मॅट है."

"पाणी फॉर्मॅट बघून येत नाही, सर."

"कल हर प्रधान यही माँगेगा," ते म्हणाले. चूक नव्हतं त्यांचं. थोडा वेळ त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "ठीक है. ऊपर की ज़मीन सेफ है, यह तुम चेक करके लिखो. साइन तुम्हारा."

नेगीजींना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. "उसमें क्या चेक करना? दादा के ज़माने से भेड़ें चर रही हैं. कभी एक कंकड़ नहीं गिरा." ते समाधानाने गावी परतले. मीही मनातल्या मनात कुरण पिवळं, म्हणजे बांधकामाला मोकळं, करून टाकलं होतं. तपासणी उरकायची म्हणून लावली.

उपग्रहावर रडारही असतं. दोन वेगवेगळ्या दिवशी त्याने घेतलेल्या नोंदी एकमेकांवर ठेवल्या की मधल्या काळात जमीन बोटभर सरकली असली तरी कळतं. कुरण जागच्या जागी होतं. पण त्याच्या वरचा कडा सरकत होता.

माझंच काहीतरी चुकलं असावं, असं मला फार वाटलं. चुकलेलं हवं होतं, असंच म्हणा ना. वेगळ्या तारखांच्या नोंदी घेतल्या, पुन्हा पाहिलं. कडा सरकतच होता. इतक्या उंचावरच्या कड्यांच्या फटींत बारमाही गोठलेला बर्फ असतो. घरातल्या टाइल्स चुन्यासिमेंटने धराव्यात तसा तो दगड धरून ठेवतो. आता वर पूर्वीसारखी थंडी पडत नाही. बर्फ वितळतो आणि दगडांची पकड ढिली होते. आजोबांच्या काळात खडा पडला नव्हता, हे खरंच होतं. पण तो काळ त्या कड्यासाठी संपला होता.

माथुर सरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं. "अच्छा हुआ, साइन से पहले देख लिया," म्हणाले. मला त्यांचा राग आला. खरं तर रागवायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

नेगीजींना फोन मीच केला. हे काम कुणावर ढकलण्यासारखं नव्हतं.

"नीचे तालाब का पानी, ऊपर पहाड़ के पत्थर," ते म्हणाले. "तो हमारे लिए जगह कौन सी है, मॅडम?"

"आपके गाँव में नहीं है, नेगीजी."

फोनवर बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. "तो लिख दीजिए, कहीं और ज़मीन दें," ते शेवटी म्हणाले.

आम्ही धोका सांगतो. जमीन द्यायचं काम दुसऱ्या खात्याचं. तरी मी रिपोर्टात पुनर्वसनावर एक परिच्छेद घातला. छापून आला तेव्हा तो परिशिष्टात गेला होता. परिशिष्ट कोण वाचतं, हे इतकी वर्षं नोकरी केल्यावर मला ठाऊक आहे.

गावाला एक भोंगा मात्र मिळाला. तळं फुटलं तर वाजेल असा. शाळा आहे तिथेच भरते. मागच्या महिन्यात नेगीजींनी ड्रिलचा व्हिडिओ पाठवला. भोंगा वाजतो, मुलं बाहेर पडतात आणि स्वेटर सावरत, हसत, चढाने पळत सुटतात. पळत पळत थेट कुरणावर जातात आणि कड्याखाली रांगेत उभी राहतात.

मी लगेच फोन लावला. "नेगीजी, कड्याला चिकटून नको. अलीकडच्या टोकाला थांबवा त्यांना."

"बताया था बच्चों को," ते म्हणाले. "पर उतनी जगह में सब नहीं आते."

ऑफिसात नवीन लागलेल्यांना मी आता एकच सांगते. गाव लाल करायच्या आधी, तिथली माणसं पळून कुठे जातील ते नकाशावर शोधून ठेवा. त्यांना वाटतं, मॅडम आम्हाला काम शिकवताहेत. पण मी स्वतः अजून ती जागा शोधतेच आहे. त्या गावाच्या हद्दीत ती नाही, हे मी कितीतरी वेळा तपासून पाहिलं आहे.