न उडालेला पंखा

साताऱ्यात एका जुन्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. यादीत लिहिलं होतं, ‘लाकडी पंखा, मोठा, दोन पाती.’ मी बघितला आणि ओळखला, हा विमानाचा. माझ्याशिवाय बोली लावणारा एकच, भंगारवाला, आणि त्याला तो जळणाला हवा होता. पंखा माझा झाला. माझ्याहून हातभर उंच. जीपच्या टपावर बांधून निघालो. कराडच्या पुलावर वारा असा सुटला की जीप जमिनीवरनं उठली आणि पूल संपेपर्यंत मी एका एसटीला वरून ओव्हरटेक केलं.

हे मी गावात चहाच्या गाड्यावर सांगितलं आणि तिथंच घोळ झाला.

आमचं गाव मिरजेच्या पुढं, कवठे महांकाळच्या वाटेवर. तिथं माझ्या शब्दाला काय भाव आहे तेही सांगून टाकतो. उसात शिरलेला बिबट्या माझ्या मोटारसायकलवर मागं बसून आठवडी बाजारापर्यंत आला आणि कोथिंबिरीच्या ढिगापाशी उतरला, असं मी एकदा म्हणालो होतो. तेव्हापासून मी ‘आज गुरुवार’ म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघतात. त्यात आता सांगून बसलो, पंखा लढाऊ विमानाचा आहे आणि त्या विमानानं शत्रूची नऊ विमानं पाडली.

साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेला माझा दोस्त बशीतला चहा संपवून म्हणाला, “कसली लढाई रं गड्या! ह्यो कूलिंग टॉवरचा पंखा. जल्मभर असल्याला ग्रीस लावलंय मी.”

सगळा गाडा हसला. बातमी माझ्या आधी घरी पोचली.

“आवं,” बायको म्हणाली, “इमानाचा असंल तर सोप्यातल्या भित्तीवर लावा. कारखान्याचा असंल तर थंडी पडलीया, बंबात घालते. आठ दिस दिले.”

जन्मात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो, नऊ विमानं सोडून, आणि नेमकं तेच जळायला निघालं होतं.

मी पंखा घेऊन आबांकडं गेलो. आमच्याकडं फौजी घराघरांत, पण हवाई दलातले आबा एकटेच. वीस वर्षं त्यांनी विमानांची इंजिनं उघडली आणि बसवली. ते थट्टा करत नाहीत आणि खपवूनही घेत नाहीत. त्यांनी पात्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“हितं रंगाखाली पितळंची पट्टी हाय. टोकाला बारीक भोकं दिसत्यात? आत पाणी शिरलं तर फिरताना भाईर पडावं म्हणून. कारखान्याच्या पंख्याला कोण कशाला करंल?”

“म्हंजे इमानाचाच, आबा!”

“थांब रं. नंबर बघितल्याबिगर मी बोलत न्हाई. मधल्या गड्ड्यावर असतोय, इंजिनाला बसतोय तितं. रंग काढ, पण पॉलिशपेपर मारू नगंस, नंबर जाईल.”

रंगाचे थर चार. बंगल्याच्या भिंतींबरोबर दरवेळी पंखाही रंगवला असावा. असं नाजूक काम करणारे हात मिरजेत. एका तंबोरा करणाऱ्या कारागिरांकडं पंखा नेला, आबा सोबत. कारागिरांनी काचेच्या तुकड्यानं हळूहळू रंग खरवडला. आकडे आणि अक्षरं वर आली, त्यांच्याखाली फुलीचा एक शिक्का. आबांनी फोटो काढून जुन्या साथीदाराला पाठवला.

तोवर कारागिरांनी आपणहून दोन्ही पाती बोटांनी वाजवली. एक खणखणीत वाजलं, दुसरं मुकं. “ह्यात लाकडाचा थर सुटलाय,” ते म्हणाले. “चिकटवतानाच नीट बसला नव्हता.”

साथीदाराचं उत्तर आलं. नंबर शिकाऊ वैमानिकांच्या दोन सीटच्या छोट्या विमानाचा. फुलीचा अर्थ, तपासणीत नापास. आबांनी मधली बोल्टची भोकं मला दाखवली. इंजिनावर आवळला असता तर लाकडावर चकतीचा वळ उठला असता. वळ नव्हता.

“एक दिस पण उडलेला न्हाई,” आबा म्हणाले.

मी लिलाववाल्याला फोन केला. त्यानंही तेच सांगितलं, बंगल्याच्या मालकांनी हा एका फ्लाइंग क्लबातून टाकाऊ म्हणून आणला होता, शोभेला.

परतताना मी आबांना गाड्यावर साक्ष द्यायची गळ घातली. ते म्हणाले, “यीन. पण जेवढं हाय तेवढंच सांगायचं. एक शब्द वाढीव आला तर उठून जाईन.”

दुसऱ्या दिवशी मी गाड्यावर उभा राहिलो. विमानाचा आहे म्हणालो. शिकाऊ विमानाचा. नापास. कधी उडालाच नाही. मध्येच जिभेवर एक वादळ आलं होतं. आबा खाकरले, मी ते गिळलं. एवढं कष्टाचं काम मी ऊसतोडणीतही केलेलं नाही.

कोणी हसलं नाही. फिटर दोस्तानं आबांकडं बघितलं, आबांनी मान हलवली.

“उडलाच न्हाई?” दोस्त म्हणाला. “मग खरंच इमानाचा गड्या. तू बनवून सांगितलं असतंस तर उडल्याबिगर ऱ्हायला नसता.”

संध्याकाळी पंखा सोप्यातल्या भिंतीवर चढला. बायकोनं पदरानं पितळ पुसलं.

“पावण्यांनी इचारलं तर काय सांगू?”

“इमानाचा म्हणून सांग.”

“आन् उडलाय का म्हणलं तर?”

“तवा मला हाक मार.”