मास्तरांनी उसवलेले कॅबिनेट

गेली कित्येक वर्षे माझे कोट ज्यांच्या हातून उतरले, ते मास्तर व्यवसायाने शिंपी आणि व्यासंगाने वैमानिक आहेत. हा दुसरा अधिकार त्यांना कोणत्याही शासनाने दिलेला नाही. दुकानाच्या मागल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला खेटून, त्यांचा संगणक उभा असतो. दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली की त्यावरच्या खेळात ते दोनशे प्रवाशांचे विमान आकाशात नेतात. विमान वर नेण्याची कला त्यांना पूर्ण साधली आहे. ते खाली आणण्याच्या कलेविषयी मतभेद आहेत, आणि ते मुख्यतः त्यांच्या पत्नीचे आहेत.

या बाई दुकानातले काज-बटण आणि इस्त्री सांभाळतात. मास्तरांच्या वयाची साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी यजमानांना एक ग्राफिक्स कार्ड भेट दिले. पडद्यावर चित्रे उमटवणारी ती जाडजूड, पंखे लावलेली पट्टी. तसे एक यंत्रात आधीपासून होतेच. परंतु एका बाहीचा सदरा बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी हट्टाने त्याचेच जुळे भावंड शोधून आणले. मास्तरांनी ते दुसऱ्या खाचेत प्रतिष्ठित केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की आता दोन्ही कार्डे खांद्याला खांदा लावून विमान ओढतात.

दुर्दैव असे, की मदरबोर्डवर, म्हणजे हे सारे अवयव ज्या फळीवर विराजमान होतात तिच्यावर, या दोन खाचा एकमेकींना अगदी चिकटून होत्या. वरच्या कार्डाच्या पंख्यांना श्वास घेण्यापुरतीही फट उरली नाही. दहा मिनिटांत ते भट्टीसारखे तापे, आणि विमान मेघमंडळाच्या वर निर्वेध विहरत असताना संगणक एकाएकी समाधिस्थ होई.

मास्तर ऐसपैस खाचांचा नवा मदरबोर्ड घ्यायला संगणकाच्या दुकानात गेले. तिथली मालकीण तरुण आणि स्पष्टवक्ती. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि निदान केले, की नव्या मदरबोर्डची मुळी गरजच नाही. मास्तरांचा खेळ एकाच कार्डावर चालतो. दोघांना एका जोखडाला जुंपण्याची विद्या त्याला अवगत नाही. दुसरे कार्ड गेले इतके दिवस नुसते बसून आहे. ते काढले की प्रश्न मिटला.

मास्तरांनी आधी दाराकडे पाहिले, मग आवाज उतरवला.

"ताई, हे इथंच राहू द्या. ते कार्ड बायकोनं हौसेनं आणलंय. काढलं तर तिला सांगू काय?"

"खरं ते सांगा."

"खरं सांगायची सोय असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मालकिणीने तीन बोर्ड मांडले आणि जुना प्रोसेसर तिन्हींवर चालेल एवढी ग्वाही दिली. मास्तरांनी खिशातून टेप काढली. पहिल्या बोर्डावर कामाची खाच एकच. तो एका नजरेत बाद झाला. दुसऱ्यावर दोन होत्या, पण मधली जागा कार्डाच्या जाडीहून जेमतेम सूतभर अधिक. हा काखेत काचणार, असा निर्णय त्यांनी दिला. तिसऱ्यावर मात्र दोन कार्डे बसूनही मध्ये तीन बोटे मोकळीक राहत होती. शिवणीत माया सोडावी तर अशी. तो बोर्ड इतरांहून बराच रुंद होता, म्हणून मालकिणीने विचारले, की कॅबिनेट मोजले आहे ना? मास्तर मनातून दुखावले. दारातून आत येणाऱ्या माणसाची छाती टेपेवाचून सांगणारा हा पुरुष. रोज गुडघ्याला लागणारी पत्र्याची पेटी त्याने मोजायची?

पण त्यांच्या डोळ्याला सवय देहांची. देह अवघडला की श्वास आवरून घेतो. पत्रा घेत नाही. मागल्या खोलीत परतल्यावर बोर्ड पुढच्या पत्र्याच्या पलीकडे नेमका दोन बोटे जाऊ लागला.

अन्य कोणी तो परत केला असता. शिंपी घट्ट झालेले वस्त्र परत करत नाही, उसवतो. मास्तरांनी पुढच्या पत्र्यावर खडूने रेघ मारली, शेजारच्या नळ-दुरुस्तीवाल्याकडून पत्रा कापायची कात्री आणली आणि कॅबिनेटचे पोट सरळ उसवले. जी जागा उघडी पडली तिथे कॉलरच्या कॅनव्हासची कळी, म्हणजे घट्ट कपड्याला सैल करणारा जोडतुकडा, बसवली. बाईंनी तिला सहा काजे केली. बटणे माझ्या कोटासाठी आणलेली होती हे मला मागाहून कळले. कोट अद्याप यायचा आहे.

दुसऱ्या दुपारी विमान उडाले आणि तब्बल अर्धा तास उडतच राहिले. मास्तर कृतार्थ झाले. बाई मात्र शेजारी वाकल्या, त्यांनी कळीची दोन बटणे काढली आणि आत हात घातला. ज्या तळव्याने तीस वर्षे इस्त्री जोखली, त्याला यंत्रातले वरखाली समजायला क्षणही लागला नाही.

"अहो, तुमचं तापलंय. माझं गार आहे."

मास्तरांनी ढगांवरची दृष्टी हलू न देता सांगितले, की खालच्या कार्डाला वारा जास्त लागतो. शिवाय ते नवे आहे. शिवाय त्याचा स्वभावच शांत आहे.

"मला इस्त्री शिकवताय?"

तेव्हा मास्तरांनी सारे सांगून टाकले: मालकिणीचे निदान, तीन बोर्ड, उतरवलेला आवाज. विमान तोवर स्वबुद्धीने उडत होते. बाईंनी कळीची दोन्ही बटणे पुन्हा लावली, आणि ज्याच्या भयाने पत्रा कापला गेला तो क्षण आलाच, असे मास्तरांना वाटले.

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून एवढा खटाटोप?"

"हो."

"मला वाटायचं, दोघांनी बसायचं आणि काम एकानंच करायचं, ही रीत फक्त आपल्या दुकानाची आहे."

मास्तरांनी यातला एक कोण हे विचारण्याचे टाळले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः त्या मालकिणीकडे गेल्या आणि आपले कार्ड एकट्याने काय करू शकते याची त्यांनी चौकशी केली. ते वेगळा पडदा चालवू शकते, असे कळले. माळ्यावरचा जुना पडदा खाली आला, बाईंच्या कार्डाला जोडला गेला, आणि त्यावर नकाशा आला: विमान कुठे आहे, धावपट्टी कुठे आहे, डोंगर कुठे आहे. हा पडदा इस्त्रीच्या टेबलावर बाईंकडे तोंड करून ठेवलेला आहे. मास्तरांना तो बसल्या जागेवरून दिसत नाही.

मी गेलो तेव्हा विमान उतरणीला लागले होते. बाई एका पँटची घडी घालत होत्या.

"उजवीकडे घ्या."

"अगं, विमान मी चालवतोय."

"चालवा की. डोंगर मला दिसतोय."

मास्तरांनी विमान उजवीकडे घेतले.