धामणीची वाफ

मिरजगावच्या स्टँडसमोर एक सलून होतं. नव्वदच्या दशकात फिरतीची नोकरी करताना मी तिथं दाढीला बसायचो. सलूनवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही माझं विचारलं नाही.

लग्नाळू पोरांसाठी त्यानं चेहऱ्याला वाफ द्यायचं यंत्र आणलं होतं. एका उन्हाळ्यात बघतो तर यंत्राचं तोंड कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे. आत बिनविषारी धामण. शेताच्या जाळीत अडकून जखमी झालेली ती त्यानं सोडवून आणली होती. आता कोरड्या हवेत तिची कात अंगावर, डोळ्यांवरसुद्धा चिकटून बसली होती.

"कोरड्यावर वस्तरा फिरवतो का कुनी?" तो म्हणाला. "आधी भिजवावं लागतंय. हिचं बी तसंच हाय."

वाफ आधी तो स्वतःच्या गालावर घ्यायचा, सोसते का बघायचा, मग यंत्र हातभर मागं सरकवून पेटीत धुकं सोडायचा. तोवर आम्ही गिऱ्हाइकं तोंडावरचा फेस सुकवत बसायचो.

एकदा एक नवरदेव चिडला. "वाफ माझ्यासाठी हाय का तिच्यासाठी?"

"बसा, पावनं. तिचा नंबर आधी हाय."

तेवढ्यात धामणीनं दगडाला तोंड घासलं आणि मोजा उलटा करून काढावा तशी कात सुटू लागली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. अर्धी दाढी तशीच ठेवून मी बघायला उठलो. नवरदेवही उठला.

सवयीनं सलूनवाल्यानं हातआरसा उचलला आणि पेटीसमोर धरला, आधी डावीकडून, मग उजवीकडून.