कानवाल्या बाई

बाई आधी कान बघायच्या, चेहरा नंतर. हुद्द्याने रक्त तपासणाऱ्या डॉक्टर. पण वॉर्डातली पोरं त्यांना कानवाल्या बाईच म्हणत, आणि पाठीमागे आम्ही नर्सही. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मुंबईचे एक सर्जन अधूनमधून येत, पोरांच्या हृदयाची छोटी ऑपरेशनं करून रात्रीच्या गाडीने परतत. त्याआधी कुणाचं रक्त किती वेळात थांबतं, ते बाईंनी सांगायचं.

कानाची पाळी सुईने टोचायची, थेंब टिपकागदाने टिपत राहायचं. मग रक्त भरलेली काचेची नळी मुठीच्या उबेत धरून बसायचं. गरम पाण्याचं यंत्र होतं, पण वीज असेल तर ना! नळी कलती करून बघता बघता बाई जांभया देत. "सिस्टर, ही नळी रक्ताचं सांगते, पोराचं नाही." म्हणून त्या आधी आईलाच विचारत, "कान टोचले तेव्हा रक्त कधी थांबलं?" सर्जन हसायचे. बाई चिडत नसत. चिडायलाही अंगात जोर लागतो.

एकदा मंद्रूपची पाचएक वर्षांची पोरगी आली. जन्मल्यावर मिटायची ती हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहिलेली. चार पावलं चालली की धाप. एका कानात सोन्याची तार, दुसरा कोरा.

"दुसरा का नाही टोचला?"

"लई रडली की वो बाई, म्हनून ऱ्हायलं," आई म्हणाली.

टिपकागद ठीक, नळीही ठीक. बाई मात्र उठेनात. आईला चहा पाजला आणि तोच प्रश्न पुन्हा हळूच विचारला. आईने तोंडाला पदर लावला. "दोन दिस झिरपत व्हतं. सांगितलं असतं तर तुमी आपरेशन केलं नसतं की."

सर्जन वैतागले. "रिपोर्ट नॉर्मल आहे, आणि तुम्ही कान बघत बसलात?"

"ताजं रक्त हाताशी असल्याशिवाय छाती उघडू नका," बाई म्हणाल्या.

आईबापाचं रक्त जुळलं नाही. चुलत्यांना बोलावलं, तर रक्त काढणार म्हटल्यावर ते जे गेले ते फिरकलेच नाहीत. ऑपरेशन सर्जनच्या पुढच्या खेपेवर गेलं.

पुढची खेप आली, पोरगी आली नाही. थंडीत तिची छाती भरली आणि ती गेली. हे आम्हाला कळलं ते आई धाकटीच्या तापासाठी आली तेव्हा. बाईंना बघताच तिने धाकटीचे केस मागे सारले. "हिचे दोनी टोचले बाई. रगत लगीच थांबलं. बगा."

बाईंनी दोन्ही पाळ्या बोटांत धरल्या, बराच वेळ सोडल्या नाहीत. "चांगले आहेत हो," एवढंच म्हणाल्या.

प्रश्न त्यांनी सोडला नाही. फक्त आधी म्हणू लागल्या, "खरं सांगा, मी ऑपरेशन थांबवणार नाही." आया खरं सांगत. मग बाई स्वतः व्हरांड्यात जाऊन काका-मामांपुढे पदर खोचून उभ्या राहत आणि रक्त घेतल्याशिवाय हलत नसत.

निवृत्त झाल्या त्या दिवशी जिन्यात थांबून म्हणाल्या, "सिस्टर, त्या मंद्रूपच्या पोरीचं तेव्हा करू दिलं असतं तर?" बाई गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. आजही लग्नाच्या मांडवात एखादी झुमके घातलेली चिमुरडी दिसली, की मी आधी तिचा दुसरा कान बघते.