घर दाखवणारी बाई

खैरशेतचं घर विकायला काढलं, तेव्हा आलेल्या गिऱ्हाइकांना ते दाखवायचं काम शकूकडे आलं. दुसरं कोण दाखवणार? तिचा मोठा भाऊ महिपत ठाण्याला वर्तकनगरात राहायचा. त्याचा मुलगा साईनाथ तिथेच वाढलेला, त्याला माळ्याचा जिना कुठून चढतो तेही धड आठवत नव्हतं. घरात शकू एकटीच होती, आणि आईवडील गेल्यापासून एकटीच राहिली होती.

घर त्यांच्या आज्याने बांधलेलं. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवता पुरवता त्याने चार पैसे गाठीला बांधले आणि कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कुणब्यांच्या त्या लहानशा गावात, काळ्या दगडाच्या जोत्याचं, सागवानी खांबांचं घर उभं केलं. पुढे लांब ओटी, आत माजघर, वर भाताच्या कणग्या ठेवायला माळा. पंचक्रोशीतली लग्नं त्या ओटीवर ठरत.

शकू एकविसाव्या वर्षी सासरहून परत आली. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि हिला म्हणाला, राहायचं तर राहा. ती राहिली नाही. बापाने तिला काही विचारलं नाही. ओटीवर बसलेला उठला, तिच्या हातातली पत्र्याची पेटी घेतली आणि आत नेऊन ठेवली. पुढे आईचं दुखणं, बापाचं म्हातारपण, भाताची लावणी, दर उन्हाळ्यात कौलं उतरवून पुन्हा चढवणं, सगळं तिच्याच अंगावर पडत गेलं. ती ते करत गेली. महिपत कारखान्यात लागला होता, सणासुदीला यायचा. शकूला इथून हलवू नको, असं बापाने जाताना त्याला सांगितलं होतं. महिपत रडत हो म्हणाला होता, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं.

पण साईनाथचं लग्न झालं, मुलगी सान्वी झाली, आणि वर्तकनगरच्या त्या जुन्या दोन खोल्यांत कुणाला कुणाचं तोंड बघवेनासं झालं. साईनाथने घोडबंदर रोडला मोठा फ्लॅट बघून ठेवला. गावचं घर विकल्याशिवाय तो होणार नव्हता. महिपत हे सांगायला स्वतः आला. जेवला, हात धुतले, ओटीवर बसला आणि बराच वेळ पानाला चुनाच लावत राहिला. मग म्हणाला, तू आमच्याकडेच राहायचं, तुझं काही कमी होणार नाही. शकूला भांडता येत नव्हतं असं नाही. बांधावरून तिने भल्याभल्यांना गप्प केलं होतं. पण भावाची मान इतकी खाली गेलेली तिने कधी पाहिली नव्हती. ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

कल्याणचा धनेश नावाचा एजंट आला. त्याने मोबाईलवर घराचे फोटो काढले, आणि निघताना शकूला बाजूला घेऊन समजावलं.

"मावशी, एक काम करा. तुम्ही घरच्या आहात हे पार्टीला सांगू नका. आत कोणी राहतंय म्हटलं की पार्टी घाबरते. उद्या माणूस निघालाच नाही तर काय करायचं, म्हणते. विचारलंच तर सांगा, साफसफाई बघते."

त्यानंतर रविवारी गाड्या यायला लागल्या. डोंबिवलीची, कल्याणची माणसं. कोणी खांबावर टिचकी मारून बघायचं, कोणी संडास मागे परसात आहे म्हटल्यावर तिथूनच परत फिरायचं. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला म्हणूनच आलं आणि दुपारभर ओटीवर कपडे बदलबदलून बसलं. शकू सगळ्यांना पाणी द्यायची, चहा द्यायची, आणि सांगायची की विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं.

दिवाळीनंतर नौपाड्यातून प्रशांत आणि प्रीती आले. त्याचा दवाखाना होता, ती कॉलेजात शिकवायची. प्रीती माजघरात शिरली. मग हळूच तिने खांबाला तळहात लावला. परसातून फिरून आल्यावर तिने सहज विचारलं, "मावशी, तुम्ही इथे कामाला असता का?"

"हो," शकू म्हणाली. तो शब्द तोंडातून इतका अलगद गेला याचंच तिला नवल वाटलं.

ते दोघं पुन्हा आले, आणि पुन्हा. त्यांना घर पाडायचं नव्हतं. शनिवार-रविवार यायचं, पुढे निवृत्त झाल्यावर इथेच राहायचं, असं त्यांच्या मनात होतं. तिसऱ्या खेपेला प्रीतीने शकूला ओटीवर शेजारी बसवून घेतलं. "आम्ही घेतलं तरी तुम्ही जाऊ नका हं. मागची खोली तुमची. पगार देऊ. तुमच्यासारखं माणूस आम्हाला कुठून मिळणार?"

त्या दिवशी त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर शकूने सगळं घर सारवून काढलं. जमिनीला गरज नव्हती, हातांना होती. नाव दुसऱ्याचं लागेल, लागू दे. दळण आपल्याच जात्याचं असेल, पाणी आपल्याच विहिरीचं. लोक काय म्हणतील याचा तिने थोडा विचार केला आणि सोडून दिला. किती तरी महिन्यांनी ती पोटभर जेवली.

व्यवहार ठरला. मग प्रशांतच्या वकिलाने ग्रामपंचायतीतला घराचा उतारा मागवला. त्यावर महिपतच्या नावाखाली शकुंतलाचं नाव होतं. वारस म्हणून बाप गेल्यावरच लागलेलं. धनेशचा बेत होता की तिची सही शेवटी गुपचूप घ्यायची. ही शकुंतला कोण, असं वकिलाने विचारलं. नौपाड्यात प्रशांतच्या दवाखान्यात सगळे बसले होते. महिपतला खोटं बोलवेना. "माझी बहीण," तो म्हणाला. "तुम्हाला चहा देते ती."

संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. ती रागावली नव्हती, आणि तेच वाईट होतं. तुम्ही मला का नाही सांगितलंत, असं ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "तुमचं घर घ्यायचं आणि तुम्हालाच तिथे कामाला ठेवायचं? नाही हो. आम्हाला ते नाही झेपणार."

"माझी काय हरकत नाय," शकू म्हणाली. "मी मनापासून सांगते. मला तर तेच पायजे होतं."

"माझी आहे ना पण," प्रीती म्हणाली, आणि माफी मागून तिने फोन ठेवला.

शकू भिंतीला टेकून बसली. वाईट माणसांशी कसं वागायचं ते तिला सासरी कळलं होतं. भल्या माणसाच्या नकाराशी कसं वागायचं, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्यात गोदामं बांधणाऱ्या एकाने ती जागा घेतली. त्याला घराशी कर्तव्य नव्हतं. जुन्या लाकडाचा एक व्यापारी त्याने आधीच ठरवून ठेवला होता, तो येऊन खांबांना खडूने आकडे घालून गेला. शकूने ठाण्याला जाऊन हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. नोंदणी कचेरीतल्या माणसाने कायद्याप्रमाणे विचारलं, बाई, राजीखुशीने करताय ना? महिपत खिडकीबाहेर बघत होता. तिने मानेनेच हो म्हटलं.

ताबा द्यायच्या दिवशी एक अडचण निघाली. घराला कुलूपच नव्हतं. ते बाहेरून लावायची वेळ कधी आली नव्हती. पूर्वी कोणी ना कोणी आत असायचंच, आणि शकू एकटी उरल्यावर ती बाहेर गेली की शेजारी लक्ष ठेवायचे. धनेशला नाक्यावरून नवं कुलूप आणावं लागलं. ते येईपर्यंत शकू जोत्याच्या पायरीवर पिशव्या घेऊन बसली. शेजारची जाईबाई तांब्याभर ताक घेऊन आली आणि शेजारी टेकली.

घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये तिला कोणी वाईट वागवलं नाही. साईनाथची बायको संचिता तिला आत्या आत्या करते, हॉलमध्ये तिच्यासाठी सोफ्याचा पलंग होतो. पण पहाटे जाग येते तेव्हा घर उठायला अजून अवकाश असतो. कुणाची झोप मोडू नये म्हणून ती दिवा लावत नाही, तशीच बसून राहते. सुरुवातीला ती खाली बागेत जायची. तिथे फुलं तोडायला मनाई आहे, माती उकरायला मनाई आहे. आता ती जात नाही.

दसऱ्याला महिपत तिला म्हणाला, चल, गावाला जाऊन येऊ, देवीचं दर्शन होईल. ती नको म्हणाली. तो एकटाच गेला आणि संध्याकाळी परत आला. चपला काढून बाल्कनीत तिच्याशेजारच्या खुर्चीत बसला. घराच्या जागी काय पाहिलं ते तो सांगेल म्हणून ती थांबली होती. तो समोरच्या नव्या टॉवरचं काम बघत राहिला.

"शकू," शेवटी तो म्हणाला, "एखादी शिवी तरी दे मला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे केस सगळे गेले होते, शर्टाचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं. शिवी द्यायला काहीतरी उरलेलं असावं लागतं. तिने आत शोधलं आणि तिला काही सापडलं नाही, राग नाही, माया तेवढी थोडी होती, तीही थकलेली.

"चहा ठेवू का?" तिने विचारलं. तो नको म्हणाला. दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली.