आक्काला आणायला मुखेडच्या पुढं

लातूरहून सकाळी निघाले तेव्हा पिशवीत एक स्वेटर, दोन साड्या आणि पेढ्यांचा डबा होता. आता तुम्हीच सांगा, साखरेच्या पेशंटकडे कुणी पेढे नेतं का? पण नणंदेकडे रिकाम्या हातानं जायची सवयच नाही, त्यामुळे दुकानात पाय आपोआप वळले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं आणि स्वतःचंच हसू आलं.

काम असं होतं. धुरपदाआक्का माझी मोठी नणंद. मुखेडच्या पुढच्या एका खेड्यात एकटी राहते. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरत नव्हती. पुण्याला असलेल्या तिच्या मुलानं फोन केला, ‘मामी, तुम्हीच तिला लातूरला मोठ्या डॉक्टरकडं न्या. ती गावातल्या नर्सशिवाय कुणाचं ऐकत नाही.’ म्हणजे त्या नर्सच्या तावडीतून आक्काला सोडवायचं, असंच डोक्यात घेऊन मी निघाले होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीही नर्स चालवते असा एक छोटा दवाखाना आहे. पण तिथं लेकरांना लस देतात, आपलं काय काम, असं समजून मी रोज त्याच्यासमोरून भाजीला जाते.

चाकूर गेलं, शिरूर ताजबंदला गाडी आत वळली. दोन्हीकडे हरभरा आणि मधे मधे ज्वारी, कणसं भरलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘कुठं जाऊन राहिलात?’ मी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ती म्हणाली, ‘ती शिस्टर का? लई चांगली हाय. माझ्या सासूचं बीपी तिनंच शोधून काढलं.’ मुखेडला बाजारचा दिवस होता. तिथून काळीपिवळी मिळाली आणि फाट्यावर उतरले.

आक्का दारातच बसलेली. पायाला पांढरं स्वच्छ बँडेज. ‘जयभीम वयनी,’ म्हणाली आणि डबा पाहून म्हणाली, ‘मला मारायला आलीस का?’ डबा तिनं फडताळात ठेवला, कुलूप घातलं आणि चावी माझ्याकडे दिली.

जेवायला भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि धपाटे (ज्वारीच्या पिठात मसाला घालून थापलेले) होते. जेवताना मी लातूरचं काढलं. तिनं ऐकूनच घेतलं नाही. मला काय झालंय, शिस्टर रोज पट्टी करते, माझ्या एकटीसाठी कशाला एवढा गाडीघोड्याचा कुटाणा (खटाटोप), असं ती बोलत राहिली. पण बँडेजच्या कडेला अंगठा काळा पडू लागलेला मला दिसत होता.

दुपारी तिच्या पट्टीच्या वेळी मी सोबत गेले. नर्सशी भांडायचंच होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, दारात जांभळीचं झाड, बाकावर पाच-सहा बाया. इथं डॉक्टर बसत नाहीत. शबाना सिस्टर उदगीरची, नर्सिंग शिकून आलेली. तीच तपासते, औषधं देते, आणि अडलं तर मोबाईलवर डॉक्टरांना पेशंट दाखवते. गंमत पाहिली. सिस्टर एकीला म्हणाली, ‘बसा.’ ती म्हणाली, ‘मला न्हाई, हिला दाखवायचंय. मी सोबतीला.’ सिस्टरनं बीपीचा पट्टा आधी त्या सोबतीणीच्याच दंडाला बांधला.

मी विचारलं, हे काय? सिस्टर आक्काची जखम धुता धुता म्हणाली, ‘मावशी, इथल्या बाया स्वतःसाठी दवाखान्यात येतच नाहीत. दुसरीसाठी मात्र स्वयंपाक टाकून येतात. म्हणून मी सोबतीणीलाच आधी धरते.’

मग आक्का बाहेर बाकावर गेल्यावर तिनं दार लोटून घेतलं. म्हणाली, ‘पंधरवड्यापासून सांगतेय, हे माझ्या हातातलं नाही, सर्जनला दाखवा. मुखेडला चिठ्ठी दिली, गाडी बोलावली, गेल्या नाहीत. माझ्यावर विश्वास आहे, आणि त्याच विश्वासानं त्या इथं अडकल्यात. अजून थांबल्या तर पाय जाईल.’

मी म्हटलं, ‘मग काय करायचं?’

‘आधी तुमचा हात द्या,’ ती म्हणाली.

मशीन फुसफुसलं. तिनं पुन्हा एकदा बांधला पट्टा. मग दार उघडून आक्काला हाक मारली. ‘आजी, तुमच्या वयनीचं बीपी लई वाढलंय. उद्याच्या उद्या लातूरला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागतंय. एकटं सोडता येणार नाही. सोबत कोण जाणार?’

मला नाटक कळलं. मी लगेच कपाळाला हात लावला.

आक्का बाकावरून उठून आत आली. ‘कोण म्हंजे? मी हाय ना,’ ती म्हणाली. ‘हिला रस्ता तरी समजतो का?’

सिस्टर म्हणाली, ‘मग जाताच आहात तर अंगठाही दाखवून या.’

‘हाव (हो), तेबी दाखवू,’ आक्का म्हणाली, जणू बाजारातून मीठही आणायचंय. संध्याकाळी फडताळ उघडून डबा काढला आणि सिस्टरला पेढे नेऊन दिले. तिनं एक घेतला आणि बाकीचे साखरवाल्यांना वगळून बाकावरच्या बायांना वाटले.

दुसऱ्या दिवशी एसटीत आक्कानं मला खिडकीशी बसवलं, दर थांब्याला पाणी पाजलं. मीही अधूनमधून डोळे मिटून नाटक निभावलं. लातूरला डॉक्टरांनी अंगठा पाहिला आणि तिला तिथंच ठेवून घेतलं. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. आणि डॉक्टर मला म्हणाले, ‘तुम्ही बसा.’ माझं बीपी खरंच वाढलेलं होतं. आता रोजची गोळी आहे. आक्का कॉटवरून म्हणाली, ‘बघ, मी आले म्हणून कळलं तुला.’

महिनाभरानं तिला गावी सोडून आले. पट्टी आता शबाना सिस्टरच करते, मुलाची काही तक्रार नाही. परतीच्या गाडीत ज्वारी कापणीला आलेली दिसत होती. त्या दोन खोल्यांचा विचार काही डोक्यातून जात नव्हता. मी नर्सच्या हातून आक्काला सोडवायला गेले होते, आणि नर्सनंच तिला माझ्या हाती दिलं.

माझ्या शेजारच्या मंदाला जिना चढताना धाप लागते. सांगून थकले, दवाखान्यात जात नाही. घरी पोचल्यावर पिशवी ठेवली आणि तिचं दार वाजवलं.

‘मंदा, गल्लीच्या तोंडाशी नर्सबाईकडं माझं बीपी मोजायचंय,’ म्हटलं. ‘जरा सोबत येतेस का?’

ती चप्पल घालूनच बाहेर आली.